अक्रोडाचं दुखणं

दोन्ही घरांना मान्य होईल असा एकच माणूस होता, आणि नेमकं त्यालाच हे काम नको होतं.

त्याला सगळे डॉक्टर म्हणत. माणसांचा नव्हे, झाडांचा. आजारी झाडं तपासायची, कुजलेल्या फांद्या उतरवायच्या, वादळात कलंडलेल्यांना आधार द्यायचा आणि जे वाचण्यासारखं नाही ते कुणाच्या डोक्यावर न पाडता खाली आणायचं, हा त्याचा पंचवीस वर्षांचा धंदा. दारावरची पाटी अर्धवट वाचून एकदा एक आजोबा त्याला खोकला दाखवायला आले होते. यानं त्यांना गुळण्या करायला सांगून परत पाठवलं आणि खोकला खरंच थांबला. तेव्हापासून सासुरवाडीत त्याची थट्टा काही थांबली नव्हती. त्या रविवारी सकाळी मात्र दादाच्या घरात कुणी थट्टा करत नव्हतं. चहा गार होत होता आणि चौघंही आपापल्या कपाकडे बघत बसली होती.

"जावईबापू, खोटं लिहा असं मी म्हणत नाही," दादा म्हणाला. हा त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. शाळेची बस चालवायचा, आणि घरातही रस्त्यावर असल्यासारखा मोठ्यानं बोलायचा. "वर जाऊन पोरीची खोली बघून या, आणि मग काय लिहायचं ते लिहा."

खोली डॉक्टरनं पाहिली होती. तीन आठवड्यांपूर्वी भरदुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, शेजारच्या अक्रोडाची मांडीएवढी जाड फांदी छप्पर फोडून दादाच्या मुलीच्या पलंगावर पडली होती. पोरगी त्या वेळी खाली आईजवळ गणितं सोडवत होती म्हणून वाचली. पलंगाचे दोन तुकडे झाले होते.

"लिहायचं काय त्यात?" वहिनी म्हणाली. "झाड धोक्याचं आहे, हे आंधळ्यालाही दिसतंय."

"झाड त्यांचं आहे, वहिनी," त्याची बायको हळूच म्हणाली. तिला माहेरी सगळे धाकटी म्हणत. "आणि यांना तिकडेही तोंड दाखवायचंय."

"बरोबर. तुझा नवरा तिकडचाच," दादा म्हणाला, आणि लगेच त्याला बोलल्याचं वाईट वाटलं.

पण ते खोटं नव्हतं. डॉक्टर झाडांचं काम शिकला तो भिंतीपलीकडच्या अंगणात, शेजारच्या उस्तादांच्या हाताखाली. धाकटी त्याला पहिल्यांदा दिसली तीही त्याच अक्रोडावरून. तेव्हा दोन अंगणांच्या मध्ये नुसतं तारेचं कुंपण होतं, आणि अक्रोडाच्या हिरव्या सालींनी दोन्ही घरच्या मुलांचे हात महिना महिना काळे असत. मग अकरा वर्षांपूर्वी अण्णांनी, म्हणजे त्याच्या सासऱ्यांनी, कुंपणावरून सांगितलं की तुमची एक फांदी आमच्या छपराला घासते, तेवढी काढून टाका. उस्ताद दुसऱ्याच दिवशी सकाळी झाडावर चढले आणि तिथून खाली आले ते मेलेलेच. खाली दोर धरून डॉक्टर उभा होता. पंधरा दिवसांत कुंपणाच्या जागी भिंत आली. ती कुणी बांधली यावरही दोन्ही घरांत दोन मतं होती. अण्णा जाऊन आता दोन वर्षं झाली होती, पण भिंत होती तिथेच होती.

आता छपराचं प्रकरण पालिकेत गेलं. तिथल्या उद्यान खात्यानं सांगितलं की दोघांना चालेल असा एक जाणकार आणा. तो लिहून देईल ते दोघांनीही ऐकायचं. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर एकच नाव लिहिलं.

"निघतो," डॉक्टर उठला. धाकटी दारापर्यंत आली. तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसतंच "चहा नाही प्यायलात," म्हणाली.

पलीकडे फाटक उघडलं ते मास्तरनं. उस्तादांचा हा एकुलता एक मुलगा. शाळेत गणित शिकवायचा, आईजवळ राहायचा. लग्न त्यानं केलं नव्हतं. एके काळी तो आणि डॉक्टर एका ताटात जेवलेले होते. अकरा वर्षांत दोघांचं कामापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

"बघ," मास्तर म्हणाला. "पण एवढं ध्यानात ठेव. हे झाड बाबांनी लावलंय. माझ्या जन्माच्या वर्षी."

झाडाकडे पहिली नजर टाकताच डॉक्टर थांबला. शेंड्याकडची पानं अवेळी करपून गेली होती आणि करपूनही फांद्यांना तशीच चिकटून राहिली होती. म्हातारं झाड असं मरत नाही. ते वर्षानुवर्षं एकेक फांदी सोडत जातं. त्यानं पिशवीतून लाकडी हातोडी काढली आणि खोडावर ठोकत, कान लावत तो गोल फिरू लागला. मास्तर दोन पावलं मागे चालत होता. स्वयंपाकघराच्या दाराशी जुन्या डब्यांची आणि फुटक्या कुंड्यांची रास होती. तिच्यामागे, जमिनीपासून दोन वितींवर, सालीत त्याला एक गुळगुळीत ठिपका दिसला. त्यानं नख लावलं. मेण होतं. मेणाखाली भोक, तिरकं, खाली मुळाकडे जाणारं. त्यानं हात फिरवला तसा दुसरा ठिपका लागला, मग तिसरा. एकूण पाच सापडले. पहिल्या भोकाला नाक लावल्यावर अजूनही तणनाशकाचा उग्र वास आला.

"हे काय आहे?" मास्तर गुडघ्यांवर बसला.

डॉक्टरला खोटं बोलता आलं नाही. "विष घातलंय कुणीतरी. भोकं पाडून, आत ओतून, वरून बुजवलंय. वर्ष झालं असेल."

मास्तर उठला. मग भिंतीकडे तोंड करून तो ओरडला. शांत माणूस ओरडतो तेव्हा शब्द नीट फुटत नाहीत, तसा. पाच मिनिटांत दादा, वहिनी आणि धाकटी फाटकात उभी होती. अकरा वर्षांत त्या घरातल्या कुणी या अंगणात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

"तू म्हणाला होतास," मास्तर दादाला म्हणाला. "सगळ्या गल्लीसमोर. एक दिवस मीच याच्या मुळात विष घालीन, असं."

"म्हणालो होतो. रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतो."

"आणि मी दिवसभर शाळेत असतो, आई दुपारी पडलेली असते, हे तुला ठाऊक आहे."

"अरे, तुझ्या झाडाला हात लावायची मला काय..." दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी खाली बघत होती. त्यानं बहिणीकडे पाहिलं.

"दादा," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मऊ होता की तो शिवीपेक्षा लागला, "केलं असशील तर आत्ताच सांग. आपण सगळे मिळून निस्तरू."

दादाचा चेहरा डॉक्टर नंतर कधीही विसरला नाही. घरच्या दोघींना तो गुन्हेगार वाटत होता आणि त्या त्याला माफ करायला निघाल्या होत्या.

डॉक्टर पुन्हा खाली बसला, नुसतं कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागू नये म्हणून. त्यानं पहिल्या भोकातलं सगळं मेण कोरून काढलं आणि आत बॅटरी मारली. भोक विजेच्या यंत्राचं नव्हतं. ते हाताच्या गिरमिटाचं होतं, सावकाश, थांबत थांबत फिरवलेलं. आतल्या लाकडावर एक बारीक ओरखडा मळसूत्रासारखा फिरत खोल गेला होता. पात्याचा कोपरा तुटलेला असला की असा ओरखडा उमटतो. तो कोपरा कुणी तोडला हे त्याला माहीत होतं. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी, लाकडात दडलेल्या खिळ्यावर घालून, त्यानंच तोडला होता. ते गिरमिट उस्तादांच्या पेटीत होतं, आणि पेटी याच घरात होती.

मास्तरनं आयुष्यात कधी अवजाराला हात लावला नव्हता. आणि या झाडाला इजा करण्याआधी त्यानं स्वतःचा हात तोडून घेतला असता.

"पाणी पिऊन येतो," डॉक्टर म्हणाला आणि स्वयंपाकघरात शिरला.

काकू, मास्तरची आई, ओट्याशी उभ्या होत्या. खिडकीतून सगळं अंगण दिसत होतं आणि खिडकी उघडी होती. त्यांनी पेला भरून त्याच्यापुढे ठेवला.

"किती सापडली?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"सहा आहेत. एक त्या निळ्या डब्याच्या मागे."

त्यानं उचललेला पेला हातातच राहिला. काकूंनी खुर्ची ओढून दिली, पण दोघंही उभीच राहिली.

"स्टुलावर बसून पाडली," त्या म्हणाल्या. "गुडघे वाकत नाहीत ना. एकेकाला चार-चार दिवस लागले. तो शाळेत गेला की बसायचे."

"का, काकू?"

"अकरा वर्षं मी इथे उभी राहते आणि समोर ते." त्यांनी खिडकीकडे बोट केलं नाही, नुसती मान हलवली. "धुणं त्याच्याच खाली वाळत घालायचं. एकदा म्हटलं मास्तरला, काढून टाकू या का रे. महिनाभर धड बोलला नाही माझ्याशी. म्हणाला, बाबांची एवढी एक खूण, तीही तुला नकोशी झाली? तो रोज सकाळी त्याला हात लावून शाळेत जातो. मला वाटलं, आपलं आपण वाळलं तर कुणाला दोष नाही. उभ्या उभ्या वाळेल. फांदी तुटून पोरीच्या अंथरुणावर पडेल, हे मला नव्हतं रे कळलं. त्या दिवसापासून घास घशाखाली उतरत नाही."

बाहेर मास्तर पोलिसांचं नाव घेत होता. उद्या सकाळी तक्रार, मग पुढचं पुढे.

"त्याला सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "मला दुसरं कोण आहे?"

"आणि दादा?"

काकू खिडकीकडे वळल्या. डॉक्टरनं पेला तसाच ओट्यावर ठेवला. त्याला उस्तादांनी जेवू घातलं होतं ते या बाईच्या हातचं. तापात पडला तेव्हा कपाळावरच्या घड्या बदलल्या होत्या त्या हिनं. आणि बाहेर त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ होता. दाराच्या चौकटीतून अंगणात यायला चार पावलं लागतात. तेवढ्यात त्यानं काय करायचं ते ठरवलं, आणि ते दोन्ही घरांना आवडणार नाही हेही त्याला कळलं.

"दादांनी हे केलेलं नाही," तो म्हणाला.

धाकटीनं चटकन वर पाहिलं. मास्तर म्हणाला, "कशावरून?"

"भोकं बघून. माझा धंदा आहे तो."

"मग कुणी केलं?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे माहीत आहे?"

"माहीत आहे. सांगणार नाही."

"वा!" मास्तर हसला, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "सासुरवाडीला चांगला जागलास. आणि तुझ्याकडून न्याय मिळेल म्हणून मी तुझं नाव लिहिलं."

दादाही भडकला. "अहो, माहीत आहे तर बोला ना! मला असं अर्धवट सोडवू नका. हे आयुष्यभर माझ्याकडे बघत राहतील."

"अहो, सांगा," धाकटी म्हणाली. "दादासाठी तरी."

तो हातोडी पिशवीत ठेवू लागला. मास्तर त्याच्या अगदी जवळ आला. त्याचा आवाज आता खाली आला होता.

"तू नेहमी गप्पच बसलास. बाबा पडले त्या दिवशी दोर तुझ्या हातात होता. अकरा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. आज विचारतो. तू काय करत होतास?"

हे कधीतरी कानावर पडणार हे डॉक्टर अकरा वर्षं जाणून होता. त्यानं स्वतःला हाच प्रश्न इतक्या वेळा विचारला होता की उत्तर पाठ झालं होतं. दोर ताणलेला होता, तो फांदीचा दोर होता, माणसाचा नव्हे. तरीही त्याचे हात आपोआप मिटले, दोर धरल्यासारखे.

"त्याला काय विचारतोस?"

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पायरी उतरायला हात पुढे केला आणि जवळ उभ्या असलेल्या वहिनीनं, विचार न करता, तो धरला.

"भोकं मी पाडली," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांच्या गिरमिटानं."

"आई, तू आत जा. कुणाला वाचवायला म्हणून तू..."

"निळ्या डब्यामागे एक आहे. याला ते सापडलं नव्हतं. बघ जाऊन."

मास्तर गेला. डबा सरकल्याचा आवाज आला. तो परत वळला तेव्हा पन्नाशीच्या माणसाचा चेहरा लहान पोरासारखा दिसत होता.

"त्या सकाळी," काकू सांगू लागल्या, सगळ्यांना नव्हे, त्याला एकट्याला, "चहा झाला होता. मी या खिडकीतून हाक मारली. ते वर होते. पट्टा बांधलेला नव्हता, तुला माहीत आहे, ते कधी बांधायचेच नाहीत. मी हाक मारली आणि ते पडले. याच्या हातून दोर सुटला नाही. अण्णांनी फांदी काढायला सांगितली म्हणूनही नाही. मी हाक मारली. तू झाडाला हात लावून शाळेत जायचास आणि मी ओट्याशी उभी राहून ते बघायचे. आता सांग, काय करायला हवं होतं मी?"

दादा, ज्याला सगळ्यात आधी बोलायचा हक्क होता, त्यानं पायातल्या चपलेकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, बसा तुम्ही. उभं नका राहू." आणि स्वतःच स्टूल आणून दिलं.

कागद तिथेच लिहिला गेला. झाड मेलेलं आहे, वाचणार नाही, ताबडतोब उतरवावं. कारणाच्या रकान्यापाशी डॉक्टरचं पेन थांबलं. "माझं नाव लिही," काकू म्हणाल्या. त्यानं मास्तरकडे पाहिलं. मास्तरनं कागद ओढून घेतला, रकाना स्वतःच्या हातानं भरला, खाली सही केली आणि कुणाशीही न बोलता फाटकातून बाहेर निघून गेला. संध्याकाळी परत आला. पुढचे तीन दिवस आई वाढत होती आणि तो जेवत होता, इतकंच.

घरी जाताना धाकटी म्हणाली, "मी दादावर विश्वास ठेवला नाही."

"हो," तो म्हणाला. खोटं सांगून तिला बरं वाटलं नसतं.

गुरुवारी त्यानं झाड उतरवायला घेतलं. पहिल्या फांदीला करवत लागली तेव्हा दादा फाटकाशी आला आणि काकूंना आपल्या घरी घेऊन गेला. तिथे वहिनीच्या स्वयंपाकघरात, पाठमोऱ्या, त्या शेंगा सोलत बसल्या. मास्तरनं रजा घेतली होती. तो अंगणात उभा होता आणि खाली येणाऱ्या फांद्या, कुणी न सांगता, बाजूला ओढत होता.

उस्ताद जिथून पडले त्या बेचक्यात डॉक्टर दुपारी पोचला. अकरा वर्षांत तो या झाडावर चढला नव्हता. पाय ठेवण्याआधी त्यानं साल हातानं चाचपली, आणि बोटांना एक जुना व्रण लागला. वीतभर लांब, कडांनी भरून आलेला, मधे फाटका. त्यानं करवत फांदीला अडकवली आणि तिथेच बसला. खालून मास्तरनं विचारलं, "काय झालं?" "काही नाही," तो म्हणाला. मग त्यानं दोरानं स्वतःला दुसऱ्या फांदीशी नीट बांधलं, आणि त्या जागेचा चार बोटं जाड काप आडवा कापून काढला. तो त्यानं खाली टाकला नाही. काखेत धरून स्वतः घेऊन उतरला.

तो काप दादाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला गेला. मास्तर दाराबाहेरच थांबला होता. दादानं त्याला खुर्ची दिली नाही, नुसता टेबलाशी थोडा सरकला. जागा झाली तसा मास्तर आत आला.

"काकू, हे बघा," डॉक्टर म्हणाला. "झाड दर वर्षी एक कडी घालतं. सालीपासून आत मोजायचं. इथे, जिथे लाकूड फाटलंय, तिथे किती होतात?"

काकूंचा चष्मा घरी राहिला होता. मास्तर वाकला. तो बोटाचं नख टेकवत मोजू लागला, आणि शेवटी म्हणाला, "अकरा."

"त्यांच्या पायाखाली फाटलं ते हे. आता आणखी आत बघ. हा काळा भुगा दिसतो ना, ही पोकळी आहे. कधीतरी इथली एक फांदी मेली, कुजली, आणि झाडानं ती जागा वरून झाकून घेतली. झाकणाऱ्या कड्या मोज."

मास्तरनं मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. "नऊ," तो म्हणाला. "म्हणजे बाबा पडले त्याच्या नऊ वर्षं आधीपासून..."

"आतून पोकळ होतं. वरून साल धड. मीही तिथेच पाय ठेवला असता."

काकू त्या काळ्या जागेकडे बघत होत्या. "मग हाक?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरला हो म्हणणं सोपं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं, वहिनी तर मान हलवून त्याला खुणावत होती.

"हाक त्यांनी ऐकली की नाही, मला माहीत नाही," तो म्हणाला. "तेव्हा खाली उभा राहून मीही ऐकली नव्हती. पाय कशावर होता एवढं मात्र आता माहीत आहे. ती जागा त्यांना पेलणारी नव्हती, काकू. हाक मारली असती, नसती, तरी."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस?"

"तसं असतं तर हाक ऐकू गेलीच नाही म्हणून सांगितलं असतं."

मग मास्तर आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. त्यानं तिचा उजवा हात घेतला, तिची तर्जनी सालीच्या कडेवर टेकवली आणि वर्गातल्या सगळ्यात मागे पडलेल्या मुलाला शिकवावं तसं, सावकाश, तिचं बोट आत सरकवत तो मोठ्यानं मोजू लागला. एक. दोन. तीन. सहाव्या कडीपासून काकूही त्याच्याबरोबर मोजू लागल्या.